परतलेल्याची जागा

परदेशात शिकून आलेल्या मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल नातेवाईक हमखास विचारतात, 'रुळला का आता?', 'करमतं का तिला इथं?' या चौकशीत आपुलकी असते, तसे एक गृहीतही असते. घर जिथल्या तिथे आहे आणि बदललाय तो परतलेला. तेव्हा परीक्षा त्याची व्हायची, घराची नाही. एकोणिसाव्या शतकात हे गृहीत उघड बोलून दाखवले जाई. समुद्र ओलांडून आलेल्याने आधी प्रायश्चित्त घ्यावे आणि मग पंगतीला बसावे, अशी अट असे. प्रायश्चित्ताचा विधी मागे पडला, पण त्यामागचा हिशेब पुरता गेलेला नाही. या प्रकरणातले म्हणणे नेमके उलट आहे. परतलेला माणूस रुळतो की नाही हे त्याच्या स्वभावावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते त्याच्यासाठी इथे कोणती जागा आहे यावर ठरते. जागा म्हणजे नुसती नोकरी नव्हे. उपजीविका, निर्णयाचा अधिकार आणि बरोबरीची वागणूक या तिन्हींची मिळून ती होते. यातले एक जरी नसले तरी उरलेली दोन लंगडी पडतात. हे तपासून पाहायला खानदेश हा फार सोयीचा प्रदेश आहे. परदेशी शिक्षण घेऊन परतलेल्या दोन अगदी वेगळ्या माणसांचा संबंध जळगाव जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांशी आला आणि त्या दोघांच्या वाट्याला जे आले त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता.

त्याआधी अभ्यासकांनी काय सांगून ठेवले आहे ते पाहू. 1955 साली स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत जाऊन आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास केला. परमुलखात माणसाचे मन आधी उत्साहात असते, मग खचते आणि पुढे सावरते, असे त्याला दिसले. 1963 साली गलाहॉर्न दांपत्याने या चढउताराला परतीचा दुसरा टप्पा जोडला: मायदेशी आल्यावरही तोच आनंद, तीच घसरण आणि पुन्हा सावरणे. ही मांडणी लोकप्रिय झाली, कारण ती दिलासा देते. थोडे थांबा, काळ जाऊ द्या, सगळे ठीक होईल, असा तिचा सूर आहे. पुढच्या संशोधनात मात्र सगळ्यांचा प्रवास या एकाच रेषेने होत नाही असे आढळले. आल्फ्रेड शुट्झ या समाजचिंतकाने त्याआधीच, 1945 सालच्या घरी परतणाऱ्यावरील निबंधात, अधिक खोलवरचा मुद्दा मांडला होता. परतणाऱ्याला घर जसे सोडले तसेच सापडेल असे वाटते, घरच्यांनाही तो गेला तसाच येईल असे वाटते आणि दोघांचीही अपेक्षा चुकते. म्हणजे जुळवून घेण्याची क्रिया मुळातच दोन बाजूंची आहे. जॉन आणि रूथ युसीम यांनी पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या भारतीयांवर 1955 साली पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांनीही या लोकांच्या समाजातल्या भूमिकांकडे आणि प्रभावाकडे मुख्य लक्ष दिले. परतलेल्याच्या मनाइतकीच त्याची समाजातली भूमिका महत्त्वाची, हा धागा आपल्याला पुढे न्यायचा आहे.

पहिले उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे तिथला अभ्यास अर्धवट ठेवून 1917 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उतरले. करारानुसार त्यांना बडोदा संस्थानची नोकरी करायची होती. कागदोपत्री पाहिले तर त्यांच्यासाठी जागा अगदी पक्की होती: पद होते, पगार होता, खुद्द महाराजांची मर्जी होती. नव्हती ती बरोबरीची वागणूक. बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळेना. नाव लपवून एका पारशी विश्रामगृहात ते राहिले आणि थोड्याच दिवसांत हातात काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. या आठवणी त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवल्या आहेत. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य असल्याची जाणीव मनातून पुसून टाकली होती, असे ते तिथे नोंदवतात. मानसशास्त्राच्या भाषेत हा परतीचा धक्काच. पण तो त्यांच्या मनाच्या नाजूकपणातून आलेला नव्हता. आपण माणूस आहोत ही जाणीव घेऊन ते परतले होते आणि ती विसरून जाणे ही इथे रुळण्याची अट होती. अशा वेळी न रुळणे हेच निरोगी मनाचे लक्षण ठरते.

काळ हे यावरचे औषध आहे का, याचे उत्तर चाळीसगावला मिळते. 1928 च्या अखेरीस मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आंबेडकर तिचे सदस्य होते आणि खानदेशच्या दोन जिल्ह्यांचे काम त्यांच्याकडे आले होते. 1929 च्या ऑक्टोबरमध्ये ते चाळीसगाव स्थानकावर उतरले आणि धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावातला सामाजिक बहिष्काराचा प्रकार पाहून परत आले. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. वस्ती स्थानकापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर होती, पण पाहुण्याला पायी नेणे त्यांना प्रशस्त वाटेना. टांगेवाले मात्र महाराला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. शेवटी तोड निघाली ती अशी: टांगा भाड्याने द्यायचा, पण हाकायला वस्तीतलाच कोणी बसायचा. त्या माणसाला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीच्या पुलावर चाक दगडावर आदळले, आंबेडकर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. तोवर पहिल्या परतीला 12 वर्षे झाली होती. मधल्या काळात लंडनची डी.एस्सी., बॅरिस्टरी आणि कोलंबियाची डॉक्टरेट हाती आली होती. ते मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते आणि त्या दिवशी सरकारी समितीच्या कामावर होते. पदव्या वाढल्या, पद वाढले, काळ लोटला, तरी टांगेवाल्याच्या लेखी त्यांची जागा तसूभरही हलली नव्हती.

या प्रसंगात आणखी एक बारकावा आहे आणि तो आपल्या विषयाला थेट लागू पडतो. घर हे एकसंध नसते. स्थानकावर वाट पाहत उभे राहिलेले लोक आणि गाडी हाकायला नकार देणारे लोक एकाच गावातले होते. पहिल्यांकडे परतलेल्याबद्दल जिव्हाळा होता, पण साधन नव्हते. दुसऱ्यांकडे साधन होते, पण मान द्यायची तयारी नव्हती. परतलेल्याला घर कसे वाटते, हे यातल्या कोणाच्या हाती काय आहे त्यावर ठरते. आंबेडकरांनी काढलेला मार्गही यातूनच समजतो. 1924 च्या जुलैमध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्यानंतर परिषदा आल्या, सत्याग्रह आले, वर्तमानपत्रे आली आणि मिळत नसलेली जागा ते स्वतः उभी करत गेले. 1937 साली न्यायालयीन कामासाठी ते धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. त्या आठवणीसाठी आजही दरवर्षी 31 जुलैला तिथे लोक जमतात. चाळीसगाव आणि लळिंग यांच्यामध्ये आठ वर्षांचे अंतर आहे. त्या अवधीत बदल झाला तो परतलेल्या माणसाने जुळवून घेतल्यामुळे नाही, तर जुळवून घ्यायला ठाम नकार देऊन त्याने समाजाला हलवल्यामुळे.

आता दुसरे उदाहरण, अमळनेरचे. महंमद हाशम प्रेमजी यांनी 1945 च्या डिसेंबरमध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली आणि तिचा वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरला उभा केला. आसपास भुईमुगाचे पीक, रेल्वेची सोय, गिरणीमुळे कारखानदारीची ओळख झालेले गाव अशी सगळी अनुकूलता होती. 1966 च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होता. वय 21, पदवी पुरी व्हायची होती. तो परतला आणि कंपनीची सूत्रे त्याने हाती घेतली. राहिलेली पदवी पुढे सुमारे तीन दशकांनी पूर्ण झाली. वार्षिक सभेत एका भागधारकाने या अननुभवी तरुणाला आपले भाग विकून बाजूला होण्याचा सल्ला दिला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. म्हणजे अविश्वास इथेही होता, चेष्टाही असेल. पण निर्णयाचा अधिकार हाती होता, त्यामुळे अविश्वासाला उत्तर देण्याची संधीही होती. वनस्पती तूप आणि त्याच्या उपउत्पादनातून निघणारा कपड्याचा साबण एवढाच पसारा असलेली ही कंपनी 1977 नंतर विप्रो या नावाने ओळखली जाऊ लागली. आयबीएमने भारतातून काढता पाय घेतल्यावर संगणकाच्या बाजारात जी पोकळी निर्माण झाली, तिथे ती शिरली. तिचे भाग जपून ठेवणारी अमळनेरची साधी कुटुंबे लखपती-कोट्यधीश झाली, हे खानदेशात सर्वांना ठाऊक आहे.

दोन्ही हकिकती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. विद्येच्या मापाने पाहिले तर आंबेडकरांचे पारडे कितीतरी जड: दोन डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी एकीकडे, अपुरी राहिलेली पदवी दुसरीकडे. तरीही पहिल्याला टांगेवाला मिळाला नाही आणि दुसऱ्याला कारखाना मिळाला. यावर पहिला आक्षेप लगेच येईल: यात नवल ते काय, बापाची इस्टेट असली की कोणीही रुळेल. आक्षेप खरा आहे आणि तो मूळ मुद्द्याच्या विरोधात जात नाही, त्याला बळच देतो. वारशात पैसा मिळतो तसा चुका करण्याचा अधिकारही मिळतो. नवे काही करून पाहिले आणि ते फसले, तरी दुसऱ्या दिवशी खुर्ची शाबूत असते. परतलेल्या सामान्य विद्यार्थ्याला नेमके हेच मिळत नाही. त्याची पहिली चूक म्हणजे 'परदेशात शिकून काय उपयोग' या वाक्याला पुरावा ठरते. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा, की वारसा नसलेल्यालाही अशी मुभा देता येते का?

येते, आणि त्याचाही दाखला अमळनेरलाच आहे. श्रीमंत प्रताप शेठ या गिरणीमालकाने 1916 साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर सुरू केले. विद्यापीठ नसलेल्या, कापसाच्या व्यापारावर जगणाऱ्या गावात त्यांनी अभ्यासकांच्या निवासाची, ग्रंथालयाची आणि विद्यावेतनाची सोय केली. टी. आर. व्ही. मूर्ती, धीरेंद्रमोहन दत्त यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले तत्त्वज्ञ तिथे राहून गेले, कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी काही काळ संचालकपद सांभाळले आणि जी. आर. मलकानी यांच्या संपादनाखाली तिथून निघणारे त्रैमासिक देशभरातले तत्त्वज्ञ वाचत. ही माणसे परदेशातून परतलेली होती म्हणून हा दाखला दिलेला नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आणि वेदान्त या दोन्हींत वावरणाऱ्या माणसांसाठी एका लहान गावाने आधी जागा तयार केली आणि मग माणसे आली, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आपण सहसा उलट करतो. माणूस आल्यावर त्याला कुठे बसवायचे याचा विचार सुरू होतो, तोवर तो पुण्याची किंवा बंगळूरची गाडी पकडून मोकळा होतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. परतलेली मुले-मुली स्वतःच उद्धट होऊन येतात असे म्हणतात: रस्त्यांना नावे ठेवतात, वेळेवरून टोचून बोलतात, घरच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना अडाणी समजतात. हे होते, नाकारण्यात अर्थ नाही. पण अशी कुरकुर कधी वाढते हे पाहावे. ज्याच्या हाती काम आहे त्याची टीका सूचनेचे रूप घेते. ज्याच्या हाती काही नाही त्याची टीका तक्रारीत जिरते. जळगावातल्या डाळमिलमध्ये, पीव्हीसी पाइपच्या किंवा चटईच्या कारखान्यात, दोंडाईच्याच्या मिरचीच्या व्यापारात घरचाच मुलगा परदेशी व्यवस्थापन शिकून येतो. त्याला गल्ल्यावर बसवले आणि खरेदी, उधारी, हिशेब यांतले काहीच हातात दिले नाही, तर तो बोलणारच. त्याला एक लहान विभाग, ठरलेली रक्कम आणि वर्षभराची मुदत दिली, तर बोलण्याची जागा आकडे घेतात आणि त्या आकड्यांवर वडीलधाऱ्यांनाही त्याला जाब विचारता येतो. स्वभाव सुधारायला सांगण्यापेक्षा जबाबदारी देणे हा उद्धटपणावरचा अधिक खात्रीचा उपाय आहे.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: बाहेरून आलेल्याच्या सोयीने गावाने का बदलावे? खानदेशाला या प्रश्नाची विशेष जाण आहे. यावल तालुक्यातल्या सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांनी लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये अध्यापन केले आणि तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, देशीवादाचा ठाम पुरस्कार केला. परदेश पाहून आलेला माणूस इथल्या मातीकडे पाठ फिरवतोच असे नाही. कधी ती मोलाची का आहे हे त्यालाच नेमके सांगता येते. बदलावे गावाने की माणसाने, हा वादच मग फसवा वाटू लागतो. ठिबक सिंचन इस्रायलमध्ये विकसित झाले. 1980 च्या दशकाच्या शेवटी जळगावच्या भवरलाल जैन यांनी ते खानदेशात आणले. ते टिकले, कारण इथली जमीन, विजेचे वेळापत्रक, केळीच्या ओळींतले अंतर आणि शेतकऱ्याची पत या सगळ्यांचा हिशेब करून ते बसवले गेले. शेतकऱ्यानेही पाटाने पाणी देण्याची पिढ्यानपिढ्यांची सवय सोडली. बदल दोन्हीकडून झाला.

केळीचाच आधार घेऊन एक गोष्ट सांगता येईल. प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवलेले ऊतिसंवर्धित रोप थेट रावेरच्या उन्हात लावत नाहीत. आधी ते दमट हरितगृहात, मग शेडनेटखाली काही आठवडे ठेवतात आणि हळूहळू ऊन-वाऱ्याची सवय करून शेतात नेतात. रोप मेले तर कोणी रोपाला दोष देत नाही. रोपवाटिकेत काय चुकले ते पाहतात. परतलेल्या माणसांच्या बाबतीत मधली ही पायरीच आपल्याकडे नाही. विमानतळावरून तो सरळ लग्नाच्या चर्चेत, नोकरीच्या मुलाखतीत आणि कर्जाच्या हप्त्यात येऊन पडतो. शैक्षणिक कर्जाची परतफेड बहुतेक योजनांत अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होते. कर्ज परदेशी शुल्काच्या मापाने काढलेले आणि पगार मात्र रुपयांतला, इथल्या बाजाराच्या मापाचा. अशा वेळी दिसणारी चिडचिड आपण 'तिकडची सवय' म्हणून खपवतो. खरे तर ती साध्या अंकगणितातून आलेली असते.

मुलींच्या बाबतीत जागेचा प्रश्न आणखी बिकट होतो. परदेशात एकटीने घर चालवलेली, रात्री उशिरा प्रयोगशाळेतून परतणारी, स्वतःच्या पैशांचा हिशेब स्वतः ठेवणारी मुलगी घरी आली की तिच्याकडून सर्वांत आधी हेच सगळे परत मागितले जाते. नोकरी मिळते, पण ती लग्नापर्यंतची सोय समजली जाते. इथेही आनंदीबाई जोशींचे उदाहरण बोलके आहे. 1886 साली फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्यांना कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ करण्यात आली होती. आजाराने त्या 1887 च्या फेब्रुवारीत गेल्या आणि ती जागा त्यांना भूषवता आली नाही. पण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका संस्थानाने परतणाऱ्या स्त्रीसाठी तिच्या विद्येला साजेसे काम आधीच ठरवून ठेवले होते, ही गोष्ट आजच्या जिल्हा शहरांनी आठवावी अशी आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. भारतीय विद्यार्थ्यांची परदेशातली संख्या 2024 साली 13 लाखांच्या पुढे गेली होती. यातले खानदेशी परतले तरी पुण्या-मुंबईत राहणार, जळगाव-धुळ्यात येणार कोण? पण वर पाहिलेल्या दोघांपैकी कोणीही खानदेशात राहिला नाही. आंबेडकर मुंबईत होते, प्रेमजींचा मुक्काम मुंबईत आणि नंतर बंगळूरला होता. तरीही खानदेशाशी त्यांचा संबंध आला तो तिथे काहीतरी काम होते म्हणून. राहण्याची सक्ती न करता काम देता येते. 1990 साली जळगावला विद्यापीठ झाले, त्याला आज बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. तिथे परतलेल्या संशोधकाला एखाद्या सत्रासाठी बोलावता येते, जिल्ह्यातल्या रुग्णालयांना महिन्यातले काही दिवस तज्ज्ञ घेता येतो, केळी उत्पादकांच्या कंपन्यांना निर्यातीच्या कामात परदेशी बाजार जवळून पाहिलेला माणूस जोडून घेता येतो. यासाठी नवी योजना लागत नाही. आधी विचारणा करण्याची तयारी लागते.

म्हणून 'रुळला का?' हा प्रश्न आता घराला आणि गावाला विचारायला हवा. परतलेल्याच्या हाती कोणते काम दिले, त्यात किती निर्णय त्याचे स्वतःचे आहेत, चूक झाली तर पुन्हा उभे राहायला किती मुभा आहे, आणि जात, वय किंवा स्त्री असणे यामुळे यातले काही कापून घेतले आहे का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील आणि तरीही तो अस्वस्थ असेल, तर दोष त्याच्या मनात शोधायला हरकत नाही. उत्तरे तशी नसतील, तर त्याला जुळवून घ्यायला सांगणे म्हणजे प्रायश्चित्ताचीच जुनी अट नव्या शब्दांत घालणे होय.